बेदरचा बादशहा राहायचा तो वाडा

धागाकर्ता: उदगीरचा_वाटसरू (इतिहास आणि भटकंती)

दामाजीपंतांची गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. मंगळवेढ्याची सरकारी कोठारं, दुष्काळ, पंतांनी लुटवलेलं धान्य, बेदरचा, म्हणजे आजच्या बिदरचा, संतापलेला बादशहा, आणि मग विठू महार होऊन थेट दरबारात जाऊन पैशांची थैली रिती करणारा पांडुरंग. कीर्तनात बुवा हा दरबार असा रंगवतात की जणू कालच तिथून जाऊन आले. पण तो दरबार जिथे भरायचा ती जागा अजून आहे आणि उदगीरहून सकाळी निघालं तर बघून संध्याकाळी घरी परत येता येतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

बहमनी राज्य १३४७ साली दौलताबादेत उभं राहिलं, राजधानी लगेच गुलबर्ग्याला गेली. पहिल्या अहमदशहाने (१४२२ ते १४३६) ती १४३०च्या सुमारास बिदरला आणली. जागा बघितली की त्याची अक्कल कळते. जांभ्या दगडाचं पठार, हवा थंड, आणि पठाराचा कडा म्हणजे आयती तटबंदी. सपाट बाजूने धोका, तर तिथे जांभा कोरून एकामागे एक असे तीन खंदक काढले, मधल्या दोन भिंती मूळ खडकाच्याच ठेवल्या. रचलेलं काही नाही, सगळं कोरलेलं. वरून पुलावरून खाली पाहिलं की छिन्नीने किती वर्षं काम चाललं असेल याचा अंदाज करत माणूस उभा राहतो.

शर्झा दरवाजावर दोन दगडी वाघ आहेत. पुढे गुंबद दरवाजा. आत शिरलं की रंगीन महाल, सोळा खांब मशीद, तिच्यासमोर पाण्याचा पाट असलेला लालबाग. आणखी आत गेलं की दिवाण-ए-आम आणि तख्त महाल. नवे सुलतान गादीवर बसायचे ते या तख्त महालात. आज छत नाही. उंच टोकदार कमानी तेवढ्या उभ्या आहेत आणि एका कमानीच्या खांद्यावर, नीट पाहिलं तर, फरशीच्या तुकड्यांत जुळवलेला वाघ आणि त्याच्या पाठीमागे उगवता सूर्य दिसतो. बहुतेक लोक खाली उभं राहून सेल्फी काढतात, वर बघत नाहीत. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी ढिगारे उपसून या इमारतींचे आराखडे केले, म्हणून आज कुठली खोली कशाची हे आपण निदान बोलू तरी शकतो.

महाल बांधून झाल्यावर इराणातून आलेल्या शेख आजरी नावाच्या कवीने त्यावर दोन बैत (दोन ओळींची कडवी) रचले. आशय असा की आकाश हे या वाड्याच्या उंबऱ्याची पायरी आहे, पण आकाश म्हणणंही बेअदबी, कारण हा अहमद बहमनशहाचा महाल! ते दगडात कोरून दारावर बसवले. जुना फारसी इतिहासकार फिरिश्ता लिहितो की कवीला घरी परतताना चाळीस हजार टंके मिळाले. त्यावर आजरी म्हणाला, तुमची देणगी वाहायला तुमचीच जनावरं लागतील. सुलतान हसला आणि वाटखर्चाला आणखी वीस हजार दिले. दोन बैतांचे साठ हजार. इथल्या कवीमंडळींनी हिशोब करून बघावा.

तख्त महालात असायचं ते तख्त-ए-फिरोजा. मूळ तेलंगणाच्या राजाकडून दुसऱ्या बहमनी सुलतानाला मिळालेलं. आबनूसचं लाकूड, त्यावर सोन्याचा पत्रा, निळी मीनाकारी. प्रत्येक सुलतानाने त्यात रत्नांची भर घातली, इतकी की शेवटी मूळची निळाई दिसेना. किंमत एक कोटी होन सांगतात. त्याचं पुढे काय झालं ते कमेंटींत येईलच.

ज्यांनी पाहिलंय त्यांनी भर घाला. कोण राहायचं तिथे, कसं राहायचं, यावर बोलू. नुसती सनावळी नको.

---

खडूस_काका

लेख बरा आहे. फोटो कुठायत?

आणि राजधानी हलवण्याची ती दंतकथा दिली नाहीत याबद्दल आभार. अहमदशहा शिकारीला गेला, तिथे कोल्हा कुत्र्यांवर उलटला, म्हणून जागा वीरभूमी ठरली वगैरे. कोल्हा नाहीतर ससा कुत्र्यावर उलटला नाही अशी एक तरी जुनी राजधानी दाखवा, शंभर रुपये माझ्याकडून. खरं कारण सरळ आहे. गुलबर्ग्यात भावाभावांची आणि काका-पुतण्यांची इतकी रक्तं सांडली होती की कुणालाही तिथे झोप लागली नसती.

---

मंगळवेढेकर

गावचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं.

दामाजीपंतांच्या कथेतला बादशहा नेमका कोण यावर आमच्याकडे पारावर मारामाऱ्या होतात. काही जण हुमायूनशहा म्हणतात (१४५८ ते १४६१). पण तिसऱ्या मुहम्मदशहाच्या वेळी, १४७०च्या दशकात, लागोपाठ दोन वर्षं पाऊस न झाल्याची नोंद फिरिश्त्याकडे आहे. दुष्काळ खरा धरायचा तर मला हे जास्त पटतं. संतचरित्रकार महिपतींनी ही कथा लिहिली अठराव्या शतकात, तेव्हा त्यांना सुलतानाच्या नावाशी देणंघेणं नव्हतं. बेदरचा बादशहा म्हटलं की झालं.

माझी शंका वेगळी आहे. कथेत विठू सरळ दरबारात जातो. खरोखर कुणी मंगळवेढ्याहून काठी-घोंगडं घेऊन आलेला माणूस त्या महालात पोचू शकला असता का?

---

उदगीरचा_वाटसरू

@मंगळवेढेकर, भारी प्रश्न. याचं उत्तर एका रशियन माणसाने लिहून ठेवलंय.

अफानासी निकितिन नावाचा घोड्याचा व्यापारी १४७०च्या आसपास बिदरमध्ये होता, म्हणजे तुमच्या दुष्काळाच्या अगदी तोंडावर. तो लिहितो: सुलतानाच्या महालाला सात दरवाजे, प्रत्येक दरवाजात शंभर पहारेकरी आणि शंभर 'काफिर' कारकून. काही जण आत कोण गेलं ते लिहितात, काही जण बाहेर कोण पडलं ते. परदेशी माणसाला आत सोडत नाहीत. महाल मात्र अजब, सगळीकडे कोरीवकाम आणि सोन्याचा मुलामा, बारक्यातला बारका दगडसुद्धा नक्षीदार. रात्री कोतवालाची हजार माणसं मशाली घेऊन गस्त घालतात.

आता गंमत बघा. दारावर बसून नोंदी करणारे हे कारकून हिंदू होते. कुणी मोडी खरडत असेल, कुणी कानडी. म्हणजे विठू आत गेलाच असेल तर कुठल्या तरी कुलकर्ण्याने त्याचं नाव, गाव, काम विचारून वहीत चढवलं असणार, आणि बाहेर पडताना दुसऱ्याने. कीर्तनात पांडुरंगाची पावती असते ना, तशी आत गेल्याची नोंदही असायला हवी!

---

मंगळवेढेकर

😄 हे पुढच्या वारीत बुवांना सांगणार.

पण एक आहे. कथेचा जीव कारकुनात नाही, वेशात आहे. सात दरवाज्यांच्या त्या वाड्यात देव शिरला तो सरदार होऊन नाही, महार होऊन. सांगणाऱ्याला त्या दारांची भीती माहीत होती, म्हणून तर ही कथा जन्मली.

---

भालकीचा_पोरगा

आमी भालकीचे. घरी मराठी, शाळेत कानडी, बाजारात उर्दू. किल्ला लहानपणापासून बघितलेला, शाळेची सहल दुसरीकडं कुठं जाणार?

राजे लोकांबद्दल बोलताय तर अष्टूरला जा. किल्ल्यापासून जवळच हाय. बिदरचे समदे बहमनी तिथं झोपलेत वळीनं. अहमदशहाच्या घुमटात आतून सोनेरी आन् लाल रंगात लिवलंय, बघून मान दुखती. त्याला आमच्याकडं 'वली' म्हणतात. उरसाला मुसलमान येतात तसे लिंगायत बी येतात, माड्याळचा जंगम येऊन पूजा करतो. सुलतानाच्या कबरीवर जंगम शंख फुकतो हे बाहेरच्या मानसाला सांगितलं तर इश्वास बसत न्हाई.

---

चिपळूणची_वृंदा

वाटसरू, सुंदर सुरुवात. मला या वाड्यातल्या बायकांबद्दल ऐकायचंय. पुरुषांची नावं नेहमीच येतात. आमच्या संगमेश्वरच्या राजाची मुलगी बिदरच्या जनानखान्यात होती असं आजोबा सांगायचे. ही नुसती वाडवडिलांची बढाई की काही आधार आहे?

---

उदगीरचा_वाटसरू

वृंदाताई, भरभक्कम आधार आहे. बढाई तर नाहीच. उलट माझ्या मते या वाड्याचं पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. जरा लांबण लागेल.

१४३६ साली दुसरा अलाउद्दीन गादीवर आला आणि त्याने कोकणात दिलावरखानाला पाठवलं. त्याने संगमेश्वरच्या राजाला नमवलं आणि राजाची मुलगी बिदरला आणली. गाण्यात निपुण, देखणी. सुलतानाने तिचं नाव ठेवलं झेबा-चेहरा. तिचं माहेरचं नाव कुठल्याच बखरीत नाही, हे आपल्याकडच्या आणि त्यांच्याकडच्या, दोन्ही लिहिणाऱ्यांना शोभत नाही.

सुलतानाची पट्टराणी होती मलिका-ए-जहान, खानदेशच्या नासिरखान फारुकीची लेक. नवऱ्याचं लक्ष कोकणच्या मुलीकडे लागलं, तसं हिने बापाला पत्र लिहिलं. बापाने गुजरातच्या सुलतानाची मूकसंमती घेतली आणि १४३७ मध्ये वऱ्हाडावर चाल केली. जनानखान्यातल्या एका पत्रावरून युद्ध!

आता दरबारात प्रश्न, लढायला जायचं कुणी? त्या वेळी दरबारात दोन तट होते. एक दक्खनी, म्हणजे इथे काही पिढ्या मुरलेले मुसलमान सरदार, त्यांच्या बाजूला हबशी. दुसरे आफाकी, म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून जहाजाने दाभोळ-चौलला उतरून नशीब काढायला आलेले. आफाकींचा म्होरक्या होता खलफ हसन बसरी, 'मलिक-उत-तुज्जार' (व्यापाऱ्यांचा प्रमुख) हा त्याचा किताब. तो म्हणाला, मी जातो, पण बरोबर नुसते आफाकी द्या, दक्खनी एकही नको. आणि गेला. रोहणखेडला (आजचा बुलढाणा जिल्हा) नासिरखानाचा धुव्वा उडवला आणि बुऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला.

तो परत आल्यावर सुलतानाने खुशीत हुकूम काढला की इथून पुढे दरबारात आफाकी उजव्या हाताला उभे राहतील आणि दक्खनी व हबशी डाव्या हाताला.

तख्त महालात गेलात की कमानीसमोर उभं राहून हा हुकूम मनाशी आणा. रोज सकाळी तीच माणसं, तोच उजवा-डावा, आणि मध्ये निळं तख्त. डावीकडच्याने रोज बघायचं की कालपरवा गलबतातून उतरलेला माणूस मानाच्या बाजूला उभा आहे. घर फोडायला याहून सोपी युक्ती मी वाचलेली नाही. पुढची पन्नास वर्षं या वाड्यात जे जे खून पडले, त्यातले बरेचसे या उजव्या-डाव्यातून निघाले.

आणि खलफ हसनचं काय झालं ते कोकणातल्या लोकांना माहीतच आहे. काही वर्षांनी तो चाकणहून सह्याद्रीत शिरला. शिर्क्यांनी त्याला रस्ता दाखवतो म्हणून खेळण्याच्या, म्हणजे विशाळगडाच्या, जंगलात नेलं आणि अंधारात संगमेश्वरच्या राजाच्या हवाली केलं. झेबा-चेहराच्या माहेरच्या डोंगरात त्याची सगळी फौज कापली गेली. जे वाचून चाकणला आले, त्यांच्याविरुद्ध दक्खनी सरदारांनी बिदरला कागाळ्या केल्या, सुलतानाकडून हुकूम मिळवला आणि मेजवानीला बोलावून त्यांची कत्तल केली.

---

चिपळूणची_वृंदा

बाप रे. शिर्क्यांची कथा शाळेत होती, पण तिचं दुसरं टोक जनानखान्यात आहे हे आज कळलं.

त्या मुलीला ही बातमी कशी पोचली असेल? आणि तिने रडायचं कुणासाठी, माहेरच्यांसाठी की सासरच्यांसाठी?

---

सनावळीवाला

पत्रावरून युद्ध हे वाचायला रोचक आहे, पण खानदेश आणि वऱ्हाड यांची सरहद्द आधीपासून धुमसत होती. फिरिश्ता विजापुरात बसून दीड शतकानंतर लिहितोय. राज्यांच्या भांडणाला बायकांचं भांडण कारण म्हणून चिकटवणं ही जुन्या तवारिखकारांची खोड आहे. शिवाय तो स्वतः जन्माने इराणी, आफाकींच्या बाजूचा. दक्खनी म्हणजे कारस्थानी आणि आफाकी म्हणजे शूर, असं त्याच्या पानापानावर आहे.

हुमायूनशहाचंही तेच. 'जालीम' हे नाव त्याला कायमचं चिकटलं. सख्खा भाऊ हसनखान बंड करून पकडला गेला, त्याला महालासमोरच्या चौकात वाघापुढे टाकलं आणि स्वतः सज्जातून बघत बसला, वगैरे. इतिहासकार हारून खान शेरवानी यांनी हे सगळं तपासून म्हटलंय की हुमायूनची प्रतिमा शत्रूंनी फुगवलेली आहे. बंड मोडताना तो क्रूर वागला हे खरं, पण तो काळच तसा होता.

---

उदगीरचा_वाटसरू

@सनावळीवाला, फिरिश्त्याच्या आफाकी चष्म्याबद्दल पूर्ण सहमत. सरहद्दीचं कारण खोल होतं हेही मान्य. पण पत्र हे निमित्त होतं असं म्हटलं तरी मलिका-ए-जहानचं महत्त्व कमी होत नाही. पडद्याआडून राज्याराज्यांतली पत्रं जात होती, एवढं तरी त्यातून दिसतंच.

---

जुन्नरी_मिसळ

निकितिनचं नाव निघालं म्हणून आलो. हा बाबा बिदरला जाण्याआधी चौलला उतरून आमच्या जुन्नरात पावसाळाभर अडकला होता. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो, तर घोडाही देतो आणि हजार मोहराही, असं सांगितलं. शेवटी एका खुरासानी ओळखीच्या माणसाने रदबदली करून त्याची सुटका केली. रेवदंड्याला त्याच्या नावाचं स्मारक आहे, कुणी गेलात तर बघा.

वाड्यातल्या लोकांबद्दल त्याचं एक वाक्य मी कधी विसरणार नाही. मुलूख माणसांनी गच्च भरलाय, गावची माणसं कंगाल, आणि सरदार मात्र भयंकर श्रीमंत. हे सरदार चांदीच्या पलंगावर बसून माणसांच्या खांद्यावरून फिरतात. पुढे सोन्याच्या साजाचे वीस घोडे, मागे तीनशे स्वार, पाचशे पायदळ, शिंगवाले, दहा मशालजी, दहा वाजंत्री. भाऊसाहेब भाजी आणायला निघाले तरी एवढा लवाजमा!

आणि त्या वेळच्या सुलतानाबद्दल लिहितो की पोरगा वीस वर्षांचा, कारभार सगळा खुरासान्यांच्या, म्हणजे इराणकडून आलेल्यांच्या, हातात. म्हणजे तुमचा उजवा हात.

---

दत्तदास

दामाजीपंत आले तर गुरुचरित्रही आठवावं. अध्याय ५०. कुरवपूरचा रजक श्रीपाद श्रीवल्लभांच्या वरदानाने पुढच्या जन्मी वैदुरानगरचा यवन राजा होतो. मांडीवर स्फोटक, म्हणजे गळू, होतं, काही केल्या बरं होत नाही, शेवटी तो गाणगापूरला नृसिंह सरस्वतींकडे येतो. महाराज त्याला बघताच विचारतात, काय रे रजका, इतके दिवस कुठे होतास? त्याला पूर्वजन्म आठवतो. मग तो महाराजांना वाजतगाजत आपल्या नगरात घेऊन जातो.

वैदुरानगर म्हणजे बिदर. आणि राजा दुसरा अलाउद्दीन, असं अनेक अभ्यासक मानतात. कारण तो १४५८ साली पायाच्या दुखण्यानेच गेला, आणि महाराजांचं निजानंदगमनही त्याच सुमाराचं. कथेत ज्या पापविनाशी तीर्थाचा उल्लेख आहे, ते पापनाश बिदरला आजही आहे.

---

खडूस_काका

@दत्तदास, तुमची श्रद्धा तुमच्यापाशी, मी त्यात पडत नाही. पण याच अलाउद्दीनने बिदरला मोठा दवाखाना बांधला होता, खर्चाला गावं लावून दिली होती आणि तिथे हकीम होते तसे वैद्यही होते. स्वतःचा पाय मात्र त्या दवाखान्याला बरा करता आला नाही. सरकारी दवाखाना आणि सरकार स्वतः, हा प्रकार तेव्हापासून चालत आलाय.

---

दत्तदास

काका, तुम्ही नेमकी तीच ओळ पकडणार हे ठाऊक होतं 🙏

---

रेघोट्या

इतिहासातलं मला फार कळत नाही, मी चित्रकार. रंगीन महालाबद्दल लिहिते, कारण वरती त्यावर कुणी बोललंच नाही.

आता दिसतो तो महाल बराचसा बरीदशाहीतला, म्हणजे बहमनींनंतर बिदरवर राज्य केलेल्या घराण्याच्या काळातला, अली बरीदने (१५४३च्या आसपास ते १५८०) सजवलेला. बाहेरून पाहिलं तर काहीच नाही, साधा दगड. आत लाकडाचे खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यावरच्या तोड्यांची कोरणी बघून देवळाच्या सभामंडपात आल्यासारखं वाटतं. त्यांच्या मागच्या भिंतींवर इराणी पद्धतीचं फरशीकाम, निळं आणि हिरवं. एका खोलीत दोन वेगळ्या घराण्यांची कला शेजारी शेजारी. पण खरी चीज आतल्या दाराशी आहे. कुळकुळीत काळा बसाल्ट, त्यात वेलबुट्टी कोरलेली, आणि कोरलेल्या खाचेत शिंपल्याचे तुकडे बसवलेले. फारसी ओळीसुद्धा शिंपल्यातच. मी टॉर्च आडवा धरला तेव्हा एकेका पानावर गुलाबी-हिरवी झाक सरकत गेली. तुकडे इतके बारीक कापलेत की दगड आणि शिंपला यांच्यामध्ये नख घालायला जागा नाही. बरेच तुकडे लोकांनी उकरून नेलेत, रिकाम्या खाचा दिसतात.

हेच तंत्र बाहेर बाजारात जिवंत आहे. बिदरी काम! जस्त आणि थोडं तांबं ओतून भांडं करतात, कानशीने साफ करतात, मोरचुदाने तात्पुरतं काळं करून त्यावर नक्षी कोरतात आणि खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकतात. इथवर भांडं राखाडीच असतं. शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून गरम भांड्यावर चोळतात. मिश्रधातू काळाकुट्ट होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. मी ज्या कारागिराकडे बसले होते त्याने माती जिभेवर ठेवून बघितली आणि थुंकून टाकली, म्हणाला ही चालायची नाही. किल्ल्याच्या पडक्या खोल्यांतली, पाऊस-ऊन न लागलेली माती लागते. म्हणजे तो वाडा अजूनही भांड्यांना रंग देतोय.

---

नांदेडची_ज्वारी

रेघोट्या ताई, फारच छान लिहिलंत, यावर वेगळा धागा काढा की.

वाटसरू, तख्ताचं काय झालं ते सांगणार होतात. आणि महमूद गावानचं नाव अजून कसं आलं नाही?

---

उदगीरचा_वाटसरू

सांगतो, दोन्ही एकाच दोरीत आहेत.

हुमायून १४६१ मध्ये गेला तेव्हा मुलगा आठ वर्षांचा. राज्य चालवलं हुमायूनची विधवा मखदूमा-ए-जहान हिने, सोबत दोन वजीर, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गावान. माळव्याच्या खिलजीने १४६२ मध्ये बिदर शहर लुटलं, किल्ला तेवढा तगला, गुजरातच्या मदतीने कसाबसा वाचला. थोरला मुलगा लवकर वारला, धाकटा तिसरा मुहम्मद गादीवर आला. ख्वाजा जहान डोईजड होतोय असं दिसताच राणीने पोराला पढवलं आणि भर दरबारात, त्या पोराच्या डोळ्यांदेखत, ख्वाजा जहानला कापवलं. त्यानंतर ती स्वतःहून बाजूला झाली. माझ्या मते या वाड्यातली सर्वांत हुशार व्यक्ती हीच.

मग गावानचा काळ. गिलानहून व्यापारी म्हणून दाभोळला उतरलेला माणूस. विशाळगड घेतला, १४७२ मध्ये गोवा घेतलं, बिदरला मदरसा बांधला. माणूस आफाकी, पण उजवा-डावा समतोल राखायचा म्हणून मोठ्या जागा दोन्हीकडे वाटल्या आणि सरदारांच्या सुभ्यांचे तुकडे केले. त्यामुळे दोन्हीकडचे दुखावले! विरोधकांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला, त्यावर ओडिशाच्या राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र रचलं आणि नशेत असलेल्या सुलतानापुढे ठेवलं. ५ एप्रिल १४८१, छावणीतच जौहर नावाच्या हबशी गुलामाने सुलतानाच्या हुकमाने त्याचं डोकं उडवलं. वय त्र्याहत्तर. घराची झडती घेतली तर मातीची भांडी आणि झोपायची चटई. सुलतान वर्षाच्या आत गेला. गावान माझं काळीज फाडतोय, असं मरताना ओरडत होता म्हणतात.

पुढचा महमूदशहा (१४८२ ते १५१८) लहान पोर. १४८७च्या नोव्हेंबरात एका रात्री डावीकडचे लोक महालात घुसले आणि दरवाजे लावून घेतले. मूठभर तुर्क पहारेकऱ्यांनी सुलतानाला वर बुरुजाकडे नेऊन वाचवलं. सकाळ झाल्यावर शहरात दक्खनी आणि हबशींची जी कत्तल सुरू झाली ती तीन दिवस चालली. त्यानंतर या सुलतानाने दरबाराची हाव सोडली, शाहबुरुजाच्या बाजूला महाल सजवून गाणंबजावणं आणि दारूत रमला. शर्झा दरवाज्यावरचा १५०३चा लेख त्याच्याच नावाचा आहे. आणि तख्त-ए-फिरोजा? ते यानेच मोडून त्याच्या रत्नांच्या सुरया करवल्या.

शेवटचा बहमनी कलीमुल्ला हा वजीर अमीर बरीदच्या कैदेत वाड्यातच होता. १५२६ मध्ये दिल्लीला बाबर आल्याचं ऐकून त्याने चोरून पत्र पाठवलं, मला सोडवलंस तर वऱ्हाड आणि दौलताबाद तुझं. बातमी फुटली, तो विजापूरला पळाला, तिथून अहमदनगरला, आणि तिथेच मेला.

---

खडूस_काका

अमीर बरीदवर फार रागावू नका, त्याचाही हिशोब झाला. 'दक्खनचा कोल्हा' म्हणवून घेणारा हा गृहस्थ एकदा छावणीत पिऊन असा गाढ झोपला, की बेळगावचा असदखान लारी आला आणि त्याला पलंगासकट उचलून आदिलशहाकडे घेऊन गेला. पहारेकरीही तर्र. जागा झाला तेव्हा शत्रूच्या तळावर!

कोल्ह्यापासून सुरू झालेलं गाव कोल्ह्यावरच आलं. 

---

सनावळीवाला

पुढचं थोडक्यात: १६१९ मध्ये विजापूरकरांनी बरीदशाही संपवली. १६५७ मध्ये औरंगजेबाने सत्तावीस दिवस वेढा दिला, बुरुजावर दारूचा साठा पेटला, त्यात किल्लेदार सिद्दी मर्जान भाजून मेला आणि किल्ला पडला. मग जफराबाद हे नाव, आणि त्यानंतर निजामाचं राज्य. राजघराणं म्हणून त्या महालांत पुन्हा कुणी नांदलं नाही.

---

आयटी_हैदराबादी

धागा वाचनखुणेत टाकलाय. डिसेंबरात आईबाबांना घेऊन जायचा विचार आहे. एका दिवसात होईल का? बाबांचे गुडघे दुखतात.

---

भालकीचा_पोरगा

हुतंय की. गाडी गुंबद दरवाज्याच्या आत जाती. सकाळी किल्ला, जेवण गावात, ऊन उतरलं की अष्टूर. मदरसा गावातच हाय, जाताजाता दिसतो. त्याचा निम्मा भाग दारूच्या स्फोटात उडालाय, उरलेल्या मिनारावरच्या निळ्या फरशा बघा. वेळ उरला तर नौबादला जमिनीखालचा पाण्याचा बोगदा, सुरंग बावी म्हणतात. बाबांना पायऱ्या उतरू देऊ नका, वरनंच दाखवा.

---

रेघोट्या

रंगीन महालाला बहुतेक वेळा कुलूप असतं. तिथलं छोटं संग्रहालय जुन्या शाही हमामात आहे, आधी तिथे जा आणि महाल उघडून द्याल का असं नीट विचारा. रिकामा वेळ असेल तर उघडतात. टॉर्च न्या. आणि कृपा करून शिंपल्यांना हात लावू नका.

---

आयटी_हैदराबादी

धन्यवाद सगळ्यांना. आईने धागा वाचून पहिला प्रश्न विचारला, दामाजीपंतांचे पैसे कुठल्या दारात मोजून घेतले ते दाखवतील का तिथे?

---

मंगळवेढेकर

आईंना सांगा, सातही दारं बघून या. आणि परत येताना मंगळवेढ्याला या, हुरडा माझ्याकडे.